ठेवण्याचा शब्द

व्हिटबी
१९ सप्टेंबर २०१०

चि. ऊर्मीस अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन आहे, ई-मेल आहे, मग आईला हे काय सुचलं, असं म्हणशील. फोनवर माझं तोंड माझ्या आधी बोलून मोकळं होतं आणि मग मी स्वयंपाकघरात एकटीच वाद घालत बसते. कागदावर निदान खोडता येतं. तू देवनागरी हळू वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढलंय. बेसमेंटमधल्या पिंगपाँगच्या टेबलावर तुम्हा दोघांना बाराखडी शिकवली होती. तू रडून रडून शिकलीस आणि तुला आली. नंदन हसत हसत पळाला आणि त्याला अजून स्वतःच्या नावातला अनुस्वार कुठे द्यायचा ते कळत नाही.

तर घर विकायचं नक्की झालं. तुझे बाबा गेल्यापासून नंदन मागे लागलाच होता. "आई, बी प्रॅक्टिकल. ड्राइव्हवे कोण शोव्हल करणार?" बाबा असतानाही तिथला बर्फ मीच उपसत होते हे त्याला कुणी सांगायचं! वॉटर्लूला त्याच्या घरी बेसमेंटमध्ये माझी सोय करणार आहेत. "वॉक-आउट बेसमेंट आहे आई, खिडकी आहे," असं अपूर्वा मला दर फोनला सांगते. इतक्यांदा सांगावं लागतं म्हणजे ती खिडकी केवढी असेल बघ. सून वाईट नाही गं. नोकरी, दोन मुलं, त्यात मी.

तू ऑगस्टमध्ये फोनवर विचारलंस, "आई, तू हॅलिफॅक्सला आमच्याकडे राहायला येतेस का?" मी म्हटलं, "नको गं, तुम्हाला कशाला माझी अडचण." तू म्हणालीस, "ओके." मग आपण हवेबद्दल बोललो. तो विषय तिथे संपला. आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

घरं विकणारी बाई येऊन गेली. उंच टाचांचे बूट घालून सगळ्या खोल्यांतून फिरली. जिथे जाईल तिथे एकच शब्द, डीक्लटर. फोटो काढा, मसाल्यांचे डबे काढा, भिंतीवरचं कॅलेंडर काढा. देवघरापाशी थांबली आणि म्हणाली, "धिस इज लव्हली, बट इट शुड गो." बघणाऱ्याला हे घर आपलं वाटलं पाहिजे म्हणे. म्हणजे आमचं वाटता कामा नये.

तुझ्या खोलीत अजून तुझं क्लॅरिनेट आहे, शाळेच्या बँडचा लाल कोट आहे, एक स्केट आहे. दुसरं कुठे गेलं देव जाणे. काय करू ते कळव. ग्लेनला नमस्कार सांग.

तुझी,
आई

—

व्हिटबी
२४ ऑक्टोबर २०१०

चि. ऊर्मी,

तुझं उत्तर नाही. कामात असशील. हॉस्पिटलच्या ड्यूट्या मला काय माहीत नाहीत का.

शेजारच्या आउस्मा तुला आठवतात ना? आपल्या लॉनवरचे डँडेलायन उपटून नेऊन त्यांची कोशिंबीर करणाऱ्या, जिऱ्यासारखं काहीतरी घातलेलं चीज आणून देणाऱ्या लात्वियन बाई. त्यांना जूनमध्ये स्ट्रोक आला हे तुला सांगितलं होतं. हातपाय सावरले, पण इंग्रजी गेलं. लहानपणी युद्धानंतर इकडे कॅनडात आल्या, सगळं आयुष्य इंग्रजीत काढलं, आणि आता डोक्यात फक्त आईची भाषा उरली. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, पहिली फाइल शेवटपर्यंत टिकते.

त्यांचंही घर विकायचंय. मुलगा आंद्रिस कॅल्गरीला असतो. त्यांना नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमातच, ठेवणार आहेत. आता आमच्या दोघींच्या लॉनवर त्याच घरं विकणाऱ्या बाईच्या हसऱ्या फोटोच्या दोन पाट्या शेजारी शेजारी उभ्या आहेत.

आंद्रिसने मला फोन केला. सामान उचलणारी माणसं येणार, पण आईला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही, आणि त्या माणसांना लात्वियन येत नाही. मग त्याने मला ई-मेलवर शब्द पाठवले, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला लात्वियन. मी समोर देवनागरीत उच्चार लिहून घेतले. थ्रो आउट म्हणजे इझमेस्त. क्लिअर अवे म्हणजे आइझवाक्त. वीड आउट म्हणजे इझरवेत, तो बागेतला शब्द आहे म्हणे. गिव्ह अवे म्हणजे अतदुओत. आणि गेट रिड ऑफ म्हणजे अतब्रीवुओतिएस. हा शेवटचा म्हणून बघ, कवळी असेल तर बाहेर येईल. डिस्कार्ड, स्क्रॅप, डम्प, इरेज, सगळ्यांना त्याच्याकडे एकेक शब्द होता.

रिकामा वेळ होता म्हणून मी पलीकडे एक रकाना मराठीचा करायला बसले. टाकणे लिहिलं आणि अडकले. आपण कुठे असं बोलतो गं? आपली बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा वाढवतात, बंद करत नाहीत. जुने देव पाण्यात सोडतो. नागपूरला दिवाळीच्या आधी माळ्यावरचं सामान काढताना माझी आई कधी "टाका" म्हणाली नाही, "कुणाला तरी द्या" म्हणायची. घरातून निघताना "जाते" म्हटलं की ती ओरडायची, "येते म्हण!" मी निम्मा कागद कोरा ठेवून उठले.

पण खरी गंमत पुढेच. कागद घेऊन आउस्मांकडे गेले. कपाटातली एक वस्तू उचलायची, "इझमेस्त?" विचारायचं. त्या मान हलवायच्या. "अतदुओत?" तरी नाही. मग मी कागद वरखाली शोधत बसले. फेकायचे, द्यायचे, उपटायचे, पुसायचे सगळे शब्द होते. ठेवण्याचा शब्दच आंद्रिसने दिला नव्हता. विसरला असेल. मी लायब्ररीत जाऊन डिक्शनरीतून शोधला. पतुरेत. आउस्मांनी तो माझ्या तोंडून ऐकला आणि माझा हात धरून खूप वेळ हसल्या. मग प्रत्येक वस्तूला तेच म्हणायला लागल्या. तुटक्या गाळणीलासुद्धा पतुरेत.

क्लॅरिनेटचं कळव.

आई

ता. क. — घर बघायला लोक येतात तेव्हा देव मी डिशवॉशरमध्ये लपवते, तो आपण कधी चालवतच नाही. परवा एका बाईने तोही उघडला. आत बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि निरांजन. "ओह!" म्हणाली आणि हळूच लावून घेतला. हसू येईल म्हणून लिहिलं. मला आलं नव्हतं.

—

व्हिटबी
२८ नोव्हेंबर २०१०

ऊर्मी,

आज मी रागात आहे, ते आधीच सांगते.

आउस्मांकडे एक लाकडी काथवट होती. त्या तिला काय म्हणतात मला येत नाही, पण होती काथवटच, एका ओंडक्यातून कोरलेली, लांबट. त्यांच्या आईने ब्रेडचं पीठ तिच्यात भिजवलेलं. माझ्या आईच्या काथवटीत भाकरीचं पीठ मळताना जसा वास यायचा तसाच हिला येतो. इतकी वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात गेले की मी तिच्यावरून हात फिरवायची, आणि आउस्मांनी ते पाहिलेलं असणार. गेल्या सोमवारी त्यांनी ती उचलली, माझ्या छातीशी आणून टेकवली आणि म्हणाल्या, "अतदुओत."

आणि मी काय म्हटलं? "नो नो नो, आउस्मा, मी काय करू हिचं, कशाला!" असं म्हणत दोन्ही हात मागे घेतले. मला ती हवी होती गं. इतकी हवी होती की डोळ्यांत पाणी आलं. पण हवी आहे म्हणून कुणी लगेच हात पुढे करतं का?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली आणि काथवट इझमेस्तच्या, टाकायच्या ढिगावर नेऊन ठेवली. मी मनात म्हटलं, उद्या परत विचारतील. कुकर लावायचा होता म्हणून घरी आले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना खिडकीतून पाहिलं तर ट्रक उभा, आणि सोफ्याच्या खालून काथवटीचं एक टोक बाहेर आलेलं. सपाता घालून तशीच पावसात धावले. ट्रकवाला भला माणूस होता, पण वर सगळं घर रचलेलं. म्हणाला, "सॉरी मॅम, इट्स अंडर एव्हरीथिंग." आणि गेला.

आउस्मा दारात उभ्या होत्या. त्यांना कळेना मी का रडते. त्यांच्या दृष्टीने मी नको म्हटलं होतं, त्यांनी माझं ऐकलं होतं.

आपल्याकडे पंगतीत "पोळी वाढू?" म्हटलं की माणूस ताटावर आडवा हात धरतो, "नको, नको, पोट भरलं." वाढणारी त्या हाताखालून पोळी सरकवते. तो रागावल्यासारखं करतो आणि खातो. भुकेलाच असतो तो. एकदा विचारून पुढे निघून जाणाऱ्या बाईला माझी आई वाढायला उभीच करत नसे. आग्रह म्हणतात त्याला. हे मी तुला शिकवलं नाही का? बाराखडी शिकवली, वरणफळं शिकवली, हे कसं राहिलं?

तू मला एकदाच विचारलंस, ऊर्मी. एकदाच. आणि "ओके" म्हणून हवेवर आलीस. ऑगस्टपासून फोन वाजला की मी ओढणीला हात पुसत धावते. टेलिमार्केटिंगवाला असतो. नाहीतर नंदन, कार्पेटचा रंग विचारायला.

हे पत्र टाकणार नाही बहुतेक.

आई

—

व्हिटबी
१९ डिसेंबर २०१०

प्रिय ऊर्मी,

टाकलं शेवटी, आणि तुझी ई-मेल आली. नंदन आला होता, त्याने न वाचताच प्रिंट काढून दिली, त्याच्यासमोरच वाचावी लागली.

तू लिहिलंस, "आई, यू सेड नो. मला वाटलं तुला ग्लेनबरोबर राहायचं नाही. मी तुला कसं फोर्स करणार? वी हॅड ऑलरेडी पेंटेड द रूम." आणि मग लिहिलंस, खोली पिवळी रंगवली होती, खाली बाथरूममध्ये धरायला दांडा लावला होता, समुद्रातली फेरीबोट दिसते त्या खिडकीशी खुर्ची ठेवली होती.

मी दांड्यापर्यंत वाचलं आणि मला पुढचं दिसेना.

ग्लेनबद्दल मी नको म्हटलं नव्हतं. तुझ्या बाबांनी त्याला घरात घेतलं नाही ते खरं. लग्न न करता राहता, वर नेव्हीतला माणूस, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. पण ती दिवाळी आठव. तुम्ही दोघं ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसून होतात आणि मी चकल्यांचा डबा खिडकीतून आत दिला. ग्लेनने तिथेच एक खाल्ली आणि म्हणाला, "पॅड्मा, मोअर चिली." मला तेव्हाच आवडला होता तो. हे मी तुला कधी सांगितलं नाही वाटतं.

नंदन विचारत होता, ऊर्मी काय म्हणते. मी म्हटलं, "मजेत आहे."

घराला गिऱ्हाईक मिळालं. मार्चमध्ये ताबा. तरुण जोडपं आहे, बाईला दिवस गेलेत. तुझ्या खोलीत पाळणा ठेवणार म्हणाली. चांगलं आहे.

आता त्या खोलीचं काय केलंत? सहज विचारते.

आई

—

व्हिटबी
२० फेब्रुवारी २०११

ऊर्मी,

आउस्मांना नेलं.

आंद्रिस दोन दिवस आधी आला होता. घर तोपर्यंत रिकामं झालेलं, आवाज घुमत होता. नर्सिंग होमची व्हॅन आली तेव्हा मला बोलावलं, कोट घालायला मदत कर म्हणून. मी बटणं लावली. मोजे त्यांच्याच हातचे, नक्षीचे, ते चढवले. दारापर्यंत नीट आल्या. बाहेर बर्फ, व्हॅन, चाकाची खुर्ची बघितली आणि त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

आणि मग म्हणाल्या, "पतुरेत."

आंद्रिसकडे बघून म्हणाल्या, मग माझ्याकडे बघून. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. मी आंद्रिसला सांगितलं, "शी इज सेइंग कीप. कीप मी." तो बिचारा रडवेला झाला होता. म्हणाला, "पद्मजा, शी सेज दॅट अबाउट एव्हरीथिंग. इट्स द स्ट्रोक." मग व्हॅनमधल्या मुलीने एकेक बोट सोडवलं. रागाने नाही, हळूच, सवयीने. आउस्मा ओरडल्या नाहीत. व्हॅनचा दरवाजा लागेपर्यंत तेवढं एकच म्हणत राहिल्या.

मी परत घरी आले आणि दिवाणखान्यातल्या खोक्यांमध्ये बसून राहिले. मनात नसलेलं नको मी म्हटलं, ते सगळ्यांनी मान देऊन ऐकलं. त्या बाईने जीव तोडून सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. मग माणसाने बोलावं तरी कशाला? मला खरंच कळत नाही गं. नंदनने माझ्या खोक्यांवर मार्करने लिहिलंय: वॉटर्लू, डोनेट, गार्बेज. माझ्या कपाळावर काय लिहिलंय ते आरशात बघायचं बाकी आहे. झोप लागत नाही, जेवण उतरत नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तरी सांगते. आउस्मांनी सांगितलं तसं सांगते, मग तुला जे करायचं ते कर.

मला तुझ्याकडे यायचंय. मला नंदनच्या बेसमेंटमध्ये जायचं नाही. त्या पिवळ्या खोलीत यायचंय, त्या खुर्चीवर बसायचंय. ग्लेनला तिखट चकल्या करून घालीन. तुम्ही लग्न करा न करा, मी एक अक्षर बोलणार नाही. मला तुझ्याजवळ ठेव.

लिहिताना लाज वाटते आहे. पण खोडलेलं नाही.

आई

—

वॉटर्लू
१७ एप्रिल २०११

चि. ऊर्मी,

खिडकी आहे. आडवी, छताला लागून. शेजाऱ्यांचे पाय दिसतात आणि कुत्री पूर्ण दिसतात.

काल तुझा फोन आला तेव्हा अपूर्वा आणि मुलं शेजारीच बसली होती, म्हणून नीट बोलता आलं नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. सगळे वर होते. मी एकटीच होते.

तू रडत होतीस. माझं फेब्रुवारीचं पत्र दोनदा वाचलंस म्हणालीस. पण जानेवारीत ग्लेनची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिला त्या खोलीत आणलं. "आई, तू नाही म्हणाली होतीस. आय डिडन्ट नो. आता त्यांना कुठे पाठवू?" बरोबर आहे तुझं. कुठे पाठवणार? आजारी बाईला खोलीतून काढ असं मी कधी म्हणणार नाही. दांडा त्यांना कामाला येतोय, ते बरं झालं. मला त्या बाईचा हेवा वाटतो, तेवढा फक्त वाटू दे.

मग तू नाक ओढून म्हणालीस, "पण समरमध्ये ये ना दोन आठवडे. ग्लेन सोफ्यावर झोपेल, तू माझ्याजवळ. येशील?"

आणि ऊर्मी, माझं तोंड म्हणालं, "नको गं, कशाला तुमची धावपळ."

मी ऐकलं ते. माझाच आवाज होता. जीभ चावली, परत घ्यायला तोंड उघडलं, तर तू तिकडून म्हणालीस, "ओके, आई." किती दमलेला होता तुझा आवाज. मग तू विचारलंस, वॉटर्लूला बर्फ वितळलं का. मी म्हटलं, हो, वितळलं.

फोन ठेवल्यावर परत लावायला गेले. नंबर फिरवला आणि ठेवला. माझ्या तोंडावर आता माझाच विश्वास नाही. एवढं सगळं घडून, काथवट जाऊन, आउस्मांची बोटं डोळ्यांसमोर सोडवलेली बघून, जे शिकायला हवं होतं ते मी शिकलेच नाही. या वयात ते आता होईल असं वाटत नाही. पुढच्या वेळी विचारलंस तरी मी नकोच म्हणेन. आणि तू कितीदा विचारशील? माणूस थकतं. माझी आई नव्हेस तू, माझ्या हाताखालून पोळी सरकवायला.

आउस्मांना भेटायला नंदनला म्हटलं होतं, नेतोस का. लांब पडतं. मागच्या रविवारी आंद्रिसची ई-मेल आली, त्या आता काहीच बोलत नाहीत, एकही शब्द नाही. जेवतात, खिडकीतून बघतात.

तुझं क्लॅरिनेट मी गार्बेजच्या खोक्यातून काढून माझ्या सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलंय. बँडचा कोटही. नंदनला सांगितलेलं नाही.

समरमध्ये येते. नको म्हणाले ते विसर, हे लिहिलेलं धर. दोन आठवडे, सोफ्यावर मी झोपेन, ग्लेनला नको तिथे झोपवूस. बघ, आलंच पुन्हा. झोपू दे ग्लेनला सोफ्यावर. मी तुझ्याजवळ झोपेन.

तू कामात असतेस, उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

नाही चालणार, ऊर्मी.

आई